वीणेची कॅसेट

आमच्या घरात इंग्रजी गाण्यांची कॅसेट एकच होती. बाकी सगळा ऐवज म्हणजे भजनं, भारुडं, प्रल्हाद शिंदे आणि मावसभावाच्या लग्नातल्या बँडचं एक रेकॉर्डिंग, त्यातही मधेच कुणीतरी "पंगत बसवा रं" म्हणून ओरडलेलं. इंग्रजी कॅसेट दादानं आणली. १९८८ च्या पावसाळ्यात तो जाफन्याहून, म्हणजे मधे काही महिने लष्करी इस्पितळात काढून, घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत ती होती. खाकी पायमोज्यात गुंडाळलेली.

आमचा माण तालुका तसा दुष्काळी. पाऊस नाही म्हणून पोरं मुंबईला माथाडी होतात, नाहीतर पलटणीत जातात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं. आमच्या गावाला ते बिरूद नव्हतं, पण घरटी नाही तरी दोन घरांआड एक ट्रंक असायचीच. फौजी घरी आला की ट्रंकेभोवती पोरं जमायची. बिस्किटं निघायची, कॅन्टीनचा साबण निघायचा. त्या वेळी कॅन्टीनमधून घेतलेला एक टू-इन-वन टेपही निघाला आणि मग हा पायमोजा.

आजीनं कॅसेट हातात घेऊन उजेडाकडं धरली. वर निळं आभाळ आणि त्या आभाळात तिरकी तरंगणारी एक चकचकीत, धातूची गिटार. गिटार आम्ही सिनेमात पाहिलेली, लाकडाची. ही चिंचेनं घासलेल्या घागरीसारखी चमकत होती.

"ही कंच्या देवाची वीणा म्हनायची?" आजीनं विचारलं.

आबा गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी. त्यामुळं आजीला वीणेशिवाय दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. दादा हसला नाही. "विंग्रजी देवाची," एवढंच म्हणाला. तेव्हापासून घरात तिचं नाव वीणेची कॅसेट.

वर छापलेलं नाव मी जुळवून वाचलं. ब्रदर्स इन आर्म्स. गाणारे डायर स्ट्रेट्स. मी तेव्हा अकरावीला. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना अर्थ विचारला तर ते म्हणाले, "डायर स्ट्रेट्स म्हणजे पैशाची घोर तंगी. आपल्या माणातलीच मंडळी म्हणायची की ही." पुढं कुठंकुठं वाचून कळलं की लंडनला १९७७ साली बँड काढला तेव्हा त्यांची स्थिती खरोखरच तशी होती, त्यावरूनच नाव पडलं. गाणारा आणि गाणी लिहिणारा मार्क नॉफ्लर. हा माणूस आधी लीड्स शहरात वार्ताहर होता, नंतर कॉलेजात शिकवायचा. बँडमध्ये त्याचा धाकटा भाऊही होता. तो १९८० मध्येच सोडून गेला. म्हणजे ज्या कॅसेटच्या नावातच भाऊ आहेत, तिच्यात सख्खा भाऊ नाही.

ही कॅसेट केवढी मोठी गोष्ट आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. मे १९८५ मध्ये ती निघाली, इंग्लंडात एकूण १४ आठवडे आणि अमेरिकेत ९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. जगभरात तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या. ती रेकॉर्ड केली तीही नव्या डिजिटल पद्धतीनं, आणि सीडीच्या रूपात दहा लाख खपलेला पहिला अल्बम हाच. तीन कोटींतली आमची एक. आवाज किती स्वच्छ म्हणून जगानं जी वाखाणली, ती आम्ही उतरलेल्या सेलवर ऐकत होतो. सेल उतरले की नॉफ्लरसाहेब झोप आल्यासारखं गायचे.

पहिली बाजू माझी होती. दादा बेळगावला ड्यूटीवर परत गेला की टेप आणि कॅसेट घरीच ठेवून जायचा, मग मी ती बाजू फिरवून फिरवून ऐकायचो. 'वॉक ऑफ लाइफ' लागलं की चुलत भावंडं अंगणात नाचायची. अर्थ कुणाला कळत होता? रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्याचं ते गाणं आहे हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. आमच्या लेखी ते वरातीचं.

'मनी फॉर नथिंग' मात्र सरांनीच उलगडून सांगितलं. एकदा तासाभरासाठी मी कॅसेट त्यांच्या खोलीवर नेली. त्यांनी ते गाणं तीनदा लावलं, कागदावर काहीबाही उतरवलं आणि म्हणाले, "अरे, हा हमाल बोलतोय." फ्रिज, टीव्ही, ओव्हन उचलून लोकांच्या घरात बसवणारा माणूस टीव्हीवर गाणारे-बजावणारे बघतो आणि चरफडतो, की आम्ही पाठ मोडून घ्यायची आणि हे तारा छेडून पैसे कमावणार. नॉफ्लर न्यूयॉर्कच्या एका दुकानात उभा असताना तिथला कामगार हेच बडबडत होता आणि यानं तिथंच कागद घेऊन त्याचे शब्द टिपले, हे नंतर वाचलं. तासभर संपला. दुसऱ्या बाजूपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. पोहोचलो असतो तर पुढचं कदाचित टळलं असतं.

त्या साली जत्रेला मामा आला होता. मशीद बंदरला धान्याच्या बाजारात माथाडी. मानेच्या खाली, खांद्यावर पोत्यानं पडलेला घट्टा इतका की त्याला शर्टाची कॉलर नीट बसत नसे. त्याला मी ऐटीत गाण्याचा अर्थ सांगितला. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"ह्यो आपल्यातलाच गडी दिसतोय. पर त्या गानंवाल्यानं त्याचं बोलनं लिवून घेतलं म्हनतोस?"

"व्हय."

"मग त्या हमालाला किती दिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. या गाण्यावर आजवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं असेल, पण मामाचा हा प्रश्न मला कुठं वाचायला मिळालेला नाही.

दादा मात्र पहिली बाजू कधीच लावायचा नाही. तो सुट्टीवर असला की रात्री दारं धरायला विहिरीवर जायचा. वीज रात्रीचीच यायची. बरोबर टेप. मोटार सुरू करायची, पाणी सारवटात सोडायचं आणि छपरात बसून दुसरी बाजू लावायची. त्यातही शेवटचं गाणं. संपलं की मागं फिरवायचं, पुन्हा लावायचं. त्या गाण्याच्या सुरुवातीला लांब कुठंतरी ढग गडगडावेत तसा आवाज आहे. एकदा त्यानं ते घरी लावलं तर आजी आतून ओसरीवर आली. "आरं, पाऊस आला काय?" म्हणून वर बघत उभी राहिली. आमच्या भागात असली चेष्टा कुणी करू नये.

मला ते गाणं आवडायचं नाही. संथ, रडवं. नॉफ्लर मुळात गळा काढून गातच नाही, तिन्हीसांजेला ओट्यावर बसून कुणी स्वतःशी बोलावं तसा बोलतो. आणि या गाण्यात तर तो जवळजवळ कुजबुजतोच. मधेमधे गिटार बोटांनी छेडतो, तेवढीच काय ती वर येते.

जाफन्यातलं दादा काही बोलायचा नाही. गावालाही काही विचारावंसं वाटलं नाही. जुलै १९८७ मध्ये करार झाला, शांतिसेना गेली, आणि ऑक्टोबरात शांतिसेनाच लढाईत उतरली. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच गल्ल्यांतून गोळ्या यायला लागल्या. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. पण पाकिस्तानशी लढून आलेल्यांना जशी कमान उभारतात, तशी कमान या लढाईला कुणी उभारली नाही. गावात तिला 'लंकेची लढाई' म्हणायचे. एका कीर्तनकारानं तर रंगात येऊन सांगितलं की, आपल्या गावचा हनुमंत लंका जाळून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा उठून, चपला हातात घेऊन, मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. आबा वीणा घेऊन उभे होते, त्यांना पहारा सोडता येईना. नुसते बघत राहिले.

आता माझ्या हातून झालं ते सांगतो.

१९८९ च्या रामनवमीचा सप्ताह. दादा मेडिकल बोर्डासाठी बेळगावला गेलेला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहारे बदलत राहतात, आणि पहाटेचा पहारा आबांचा. काकड्याच्या वेळी आबा जो आवाज लावायचे तो दिवसा कधी लागायचा नाही. माझ्या मनात आलं, हा टेप करावा. कोरी कॅसेट घ्यायला दहिवडीला जावं लागणार आणि खिशात एसटीपुरतेही पैसे नाहीत. घरातल्या भजनांवर भजन घ्यायचं तर आजी मारणार. राहिली वीणेची कॅसेट.

विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरच्या कडेला छोटी खाच मोडलेली असते. तिथं एसटीच्या तिकिटाची घडी कोंबली की काम होतं, हे ज्ञान तेव्हा सगळ्या पोरांना होतं. मी पहिल्या बाजूला हात लावला नाही. ती माझी आवडती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं दोनेक मिनिटं पुढं नेलं, मनात म्हटलं, हे रडगाणं, आणि यापुढं तर कॅसेट संपतेच. मंदिरात खांबाआड बसून लाल बटण दाबलं.

दादा आठ दिवसांनी आला. बोर्डानं त्याला घरी पाठवायचं ठरवलं होतं. त्याच रात्री आम्ही दोघं विहिरीवर गेलो. मी ते विसरूनही गेलो होतो. छपरात त्यानं कॅसेट लावली. ढग गडगडले, गिटार आली, साहेब कुजबुजायला लागला. मग 'खट्'. आणि आबांचा खोकला. दोनदा. वीणेची तार एकदा छेडली, कुणीतरी "माउली, जरा पुढं सरका" म्हणालं आणि आबांनी तुकोबांचा अभंग उचलला.

दादानं टेप बंद केला. मागं फिरवला. पुन्हा लावला. पुन्हा 'खट्', पुन्हा खोकला. या खेपेला त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, टेप संपून बटण आपोआप वर येईपर्यंत. मग खोरं उचललं आणि लंगडत दारं मोडायला गेला. मी तिथंच बसून राहिलो. मार बसेल असं वाटत होतं. मार बसला असता तर बरं झालं असतं.

बराच वेळानं आला, पाय धुतले, आणि आमच्याकडं पाठ करून बसावं तसा अंधाराकडं तोंड करून बसला.

"ती माझी न्हवती रं," म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. कॅसेट त्यांच्या कंपनीतल्या कॅप्टनसाहेबांची. उत्तरेकडचे, वय सव्वीस. मराठ्यांच्या पलटणीत आलेल्या अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते, तशी ते शिकत होते. दादा त्यांचा सहायक, त्यामुळं शिकवणी दादाकडं. साहेब चुकून दादालाच 'तुम्ही' म्हणायचे आणि सुभेदाराला 'तू'. रात्री वॉकमनची एक बाजू स्वतःच्या कानाला आणि दुसरी दादाच्या कानाला लावून हेच शेवटचं गाणं ऐकवायचे. त्याचा अर्थ त्यांनी सांगितला होता, मोडक्या मराठीत. रणात पडलेला एक शिपाई मरता मरता आपल्या सोबत्यांशी बोलतोय. तो डोंगरात पडलाय, पण घर लांब सखल मुलखात आहे. सोबती सोडून गेले नाहीत, हेच त्याला पुरे आहे. आणि माणसं एकाच जगात राहून एकमेकांवर का उठतात, हे त्याला कळत नाही.

नॉफ्लरनं ते १९८२ साली, फॉकलंड बेटांवरून इंग्लंड आणि अर्जेंटिना लढत असताना लिहिलं. ७४ दिवसांचं युद्ध. दोन्हीकडची मिळून नऊशेवर माणसं गेली. साहेबांनी दादाला हेही सांगितलेलं. दादाला बेटं आठवत नव्हती. "तिकडं बी समुद्रापल्याडच लडाय गेल्याली मानसं," एवढं त्याच्या लक्षात होतं.

माडांच्या बागेतून जाणाऱ्या एका रस्त्यात सुरुंग होता. दादाचा पाय त्याच वेळचा. साहेब जागेवर गेले.

"सामानाची यादी झाली, पेटीला शील लागलं, घरी गेली. वॉकमन गेला. कॅसेट राहिली माझ्या पिट्टूत. मी इस्पितळात. चोरी न्हवं ही. पर परत बी दिली न्हाई. त्यांच्या आईला न्हिऊन द्यायची म्हनतोय, दोन वर्सं व्हाय आली. पाय निघंना."

मी रडत होतो. दादा म्हणाला, "गप. आबांचा आवाज चांगला आलाय."

त्याच वर्षी सप्टेंबरात, वेस्ट इंडीजकडच्या माँटसेराट बेटावर, जिथं ही सगळी गाणी रेकॉर्ड झाली होती, तिथं ह्यूगो नावाचं चक्रीवादळ आलं आणि तो स्टुडिओ पार मोडून गेला. पुन्हा कधी उभा राहिला नाही. पुढं १९९५ पासून तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि बेटाची राजधानी राखेत गाडली गेली. हे मी वाचलं तेव्हा नोकरीला लागलो होतो. का कोण जाणे, बँकेत काउंटरवर बसून मला आमचं विहिरीवरचं छप्पर आठवलं.

दिवाळीत मी पाहुण्यांकडून मिळालेले पैसे आणि उसाच्या तोडीवर पंधरा दिवस मोळ्या बांधून मिळालेली मजुरी घेऊन साताऱ्याला गेलो. दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यात मिळाली. नवी कोरी, तेच आभाळ, तीच वीणा. दादापुढं ठेवली. त्यानं उघडून बघितली, वास घेतला.

"ही त्यांची न्हाई," म्हणाला आणि मला परत दिली. रागानं नाही. एखाद्याच्या हातात चुकून दुसऱ्याचं पत्र आलं तर ते जसं परत देतात तसं.

१९९० च्या मे महिन्यात, सगळी पलटण माघारी आल्यावर, दादा एकदाचा निघाला. जाताना जुनीच कॅसेट घेतली, त्याच पायमोज्यात. मी म्हटलं, दादा, निदान नवी तरी बरोबर असू दे, त्या बाईंना काय वाटेल. त्यानं नवी घेतली नाही. रेल्वेनं दोन दिवसांचा रस्ता. आठव्या दिवशी परत आला. आईनं भाकरी वाढली, तो जेवला, आणि मग ओट्यावर आबा, मी आणि तो असे तिघं बसलो असताना आपण होऊन बोलला.

बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला. त्यानं कॅसेट पुढं ठेवून सगळं खरं सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी उठून टेप आणला आणि त्याच्यासमोर लावली. साहेबांचं आवडतं गाणं त्यांना ठाऊक होतं. दोन मिनिटं झाली आणि 'खट्' झालं. आबा खोकले.

"मग रं?" आबांनी विचारलं. त्यांचा जीव अगदी लहान झाला होता.

"त्यांनी विचारलं, ये कौन हैं. म्हटलं, मेरे पिताजी. मग शेवटपर्यंत ऐकलं. भाषा कळत न्हवती त्यास्नी. झाल्यावर म्हनाल्या, हे असंच राहू द्या. तुमच्या वडलांना नमस्कार सांगा."

आबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठून आत गेले आणि खुंटीवरची वीणा काढून, पुसून, परत ठेवली.

पुन्हा टेप करू, चांगल्या कॅसेटवर करू, असं मी दरवर्षी म्हणत राहिलो. सप्ताह आला की परीक्षा असायची, नाहीतर लाइट नसायची. १९९४ मध्ये आबा गेले. दिवस झाल्यावर आम्ही घरातल्या सगळ्या कॅसेटी काढून ऐकल्या. आबा कुठंच नव्हते. लग्नाच्या रेकॉर्डिंगमधला 'पंगत बसवा रं' हा त्यांचा आवाज असेल असं आजीला वाटलं, पण तो मामाचा निघाला. मी दादाला म्हटलं, त्या बाईंना पत्र टाकू, एक कॉपी मागू. तो म्हणाला, "दिल्याली वस्तू मागायची नसती. आन् त्यांच्याकडं दुसरं काय हाय?"

साताऱ्याची ती नवी कॅसेट माझ्याकडं राहिली. पहिल्या बाजूची टेप झिजून झिजून तुटली. आता तर फोनवर सगळंच आहे. अख्खं सात मिनिटांचं गाणं, एक करकर नाही. मी गावी गेलो की रात्री कधीतरी दादा स्वतःच विषय काढतो. त्याला ऐकू कमी येतं, मग फोन त्याच्या डाव्या कानाशी धरावा लागतो. ढग गडगडतात, गिटार येते, नॉफ्लर बोलायला लागतो. दोन मिनिटं होत आली की दादा मान जरा वर उचलतो आणि माझ्याकडं न बघता म्हणतो,

"आता खोकतील."